नाव

शहाद्याला चार टरबुजं घेतली,
म्हसावद मागे टाकलं, आणि घाट सुरू झाला.
खाली पंचेचाळीस. जीपच्या टपावर
भाकरी भाजली गेली असती.
वर चढता चढता कानांना दडे बसले,
मागच्या सीटवरची कुजबुज ऐकू येईनाशी झाली.
बरंच झालं.

तोरणमाळ. तीन खोल्या, बावीस माणसं, एक तलाव.
मी आणि सुरतेची रत्ना, आम्ही दोघींनीच ठरवलेलं.
आप्पांना सांगितलं नव्हतं की काका येणार,
काकांना सांगितलं नव्हतं की आप्पा.

लग्न माझं होतं.
पत्रिकेवर ‘आपले विनम्र’च्या खाली
एकोणीस नावं होती, विसावं नव्हतं.
छापखान्यात पडलं, म्हणाले आप्पा.
काढलं, म्हणाले काका.
त्यानंतर अकरा वर्षं
सुतकसुद्धा पाळलं ते आपापल्या घरी.

मे महिन्याचा तलाव, बराच आत सरकलेला.
काठाला चिखलाचे पापुद्रे,
गच्चीवरून काढायच्या राहून गेलेल्या बिबड्यांसारखे.
पहिल्या दिवशी दोघे दोन झाडांखाली,
आणि मध्ये एक म्हैस.
माई आणि काकू मात्र अर्ध्या तासात
एकाच परातीवर कांदा कापायला बसल्या.
डोळ्यांतल्या पाण्याला
आयतंच कारण होतं.

पोरांचं वेगळंच.
बारा वर्षांच्या हर्षूला कळलं
की पाच वर्षांची तेजल त्याची आत्या लागते,
तेव्हापासून तो दर दहा मिनिटांनी
तिच्या पाया पडून पळतोय,
आणि ती, गुजरातीत आशीर्वाद देतेय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होडी.
होडीवाला दिलवर, पावऱ्याचं पोरगं, मिसरूड फुटायचं होतं.
‘आधी वहीत नाव, मग जाकीट, मग पाणी.
साहेबांचा नियम.’
आप्पांचं अक्षर छापल्यासारखं,
म्हणून वही त्यांच्याकडे.
तेजल, हर्षू, रत्ना, जावईबापू, स्वतः.
पेन थांबलं.
त्यांनी ते झटकलं. शाई होती.
मग एक नंबरच्याही वर,
जिथं तारीख घालायची असते तिथं,
काहीतरी लिहिलं, आणि वही मिटली.

दिलवरनं ती पुन्हा उघडली.
जाकिटं मोजायची, तर नावं वाचायलाच हवीत.
अक्षर अक्षर लावत,
शाळेत हजेरी घेतात तसं, ओरडून:
‘उखा… झिपरू… पाटील!’
नाव पाण्यावरून गेलं,
पलीकडच्या उतारावर आपटलं
आणि परत आलं.

काकांना एका कानानं कमी येतं.
कुठल्या, ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही.
‘काब्र वरडी ऱ्हायना रे?’
म्हणत ते उठले, धोतराचा सोगा खोचला,
चपला झाडाखालीच ठेवल्या.
केशरी जाकिटाचा बंद लागेना.
लावला कोणी, ते काठावरून दिसलं नाही,
ऊन नेमकं समोर होतं.

होडीत पाठीला पाठ लावून बसले दोघे.
रत्ना नंतर सांगत होती,
मधोमध गेल्यावर काका बोलले:
‘पानी कमी शे औंदा.’
आणि बऱ्याच वल्ह्यांनंतर आप्पा:
‘शे खरं.’
एवढंच. मी दोनदा विचारलं तिला.

रात्री वारा सुटला. कुणी गोधड्या मागितल्या,
मे महिन्यात, खान्देशात!
पडवीत ओळीनं झोपलो सगळे.
घोरणं दोघांचं अगदी सारखं;
कोण कुठलं, अंधारात सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी उतरलो.
कानातले दडे सुटले, ऊन परत अंगावर आलं.
दोंडाईच्याला काका उतरले.
पुन्हा या, असं कुणी म्हणालं नाही.
जीप सुटली तेव्हा वळून पाहिलं,
एस. टी. स्टँडच्या बाकावर
काका, काकू,
आणि काकांच्या मांडीवर
आमचं चौथं टरबूज.
आप्पा समोर रस्त्याकडे बघत होते,
जणू गाडी तेच चालवताहेत.